परवाना होता, लीज नव्हते : गोव्यातील खाणव्याप्त भागाचे एक प्रकरण

२१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींची लिजे, म्हणजे खाणपट्टे, २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती आणि त्या दिवसापासून १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित करेपर्यंत झालेले सारे उत्खनन बेकायदा होते, असे न्यायालयाने त्यात म्हटले. याचा अर्थ असा की डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि धारबांदोडा या भागांतून जवळजवळ पाच वर्षे जे टिपर धावले, मांडवी आणि जुवारीतून जे बार्ज मुरगाव बंदराकडे गेले आणि तेथून जो माल मुख्यतः चीनकडे रवाना झाला, त्या सगळ्या व्यवहाराखाली लीज नावाची वस्तू अस्तित्वातच नव्हती.

तरीही या व्यवहारात रात्रीच्या अंधारात घडलेले असे फार थोडे होते. खनिजाचे डोंगर रस्त्यावरून दिसत होते. रॉयल्टी भरली जात होती, वाहतुकीची कागदपत्रे दिली जात होती, बंदरावर मालाची नोंद होत होती. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला सुमारे पाच कोटी टन खनिज निर्यात होत असे; एवढा माल कोणाच्या नकळत हलवता येत नाही. खाण खाते, भारतीय खाण ब्युरो, प्रदूषण नियंत्रण मंडळ, केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, बंदर आणि सीमाशुल्क या प्रत्येक टप्प्यावर कोणाची तरी सही होती. प्रस्तुत प्रकरणाचा विषय या सह्यांवर ठेवलेला विश्वास हा आहे, आणि तो विश्वास ठेवणाऱ्यांपैकी येथे खाणमालकांचा नव्हे, तर ट्रकमालकांचा विचार केला आहे. खाणमालकांजवळ वकील होते, लीजची मूळ कागदपत्रे होती आणि तारखाही ठाऊक होत्या. ट्रकमालकाजवळ यांपैकी काहीच नव्हते.

तारखांचा हिशेब

२२ नोव्हेंबर २००७ ही तारीख कोठून आली हे समजल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या वसाहती खाण कायद्याखाली दिलेल्या सवलती मुदतीच्या बंधनात नव्हत्या. धारक अटी पाळत असेल तोवर त्या चालू राहत. मुक्तीनंतरही पंचवीसहून अधिक वर्षे ही व्यवस्था जवळपास तशीच राहिली. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून या सवलती रद्द केल्या आणि त्या २० डिसेंबर १९६१ पासूनची खाण लिजे मानल्या. या मानलेल्या लिजांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ रोजी संपली. त्यानंतर खाण कायद्याप्रमाणे पहिले नूतनीकरण मिळाले तरी ते फार तर वीस वर्षांचे. म्हणून २२ नोव्हेंबर २००७. हा हिशेब शाळकरी मुलालाही जमण्यासारखा आहे, आणि तो ज्यांनी करायचा त्या कार्यालयांत दर लीजची स्वतंत्र फाईल होती.

दुसऱ्यांदा नूतनीकरण देण्यास कायद्याची मनाई नव्हती. मात्र त्यासाठी खनिजविकासाच्या हिताच्या दृष्टीने असे नूतनीकरण आवश्यक आहे, असे राज्य सरकारचे मत व्हावे लागत होते आणि त्या मताची कारणे लेखी नोंदवावी लागत होती. कंपन्यांनी अर्ज केले. अर्ज खात्यात राहिले. त्या काळच्या खनिज सवलत नियमांत अशी एक तरतूद होती की नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत आला आणि सरकारने त्यावर निर्णय घेतला नाही, तर निर्णय होईपर्यंत लीजची मुदत वाढली असे मानावे. या तरतुदीच्या आधारे खाणी चालू ठेवण्यात आल्या. न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की ही सवलत पहिल्या नूतनीकरणापुरतीच होती. दुसऱ्या नूतनीकरणात कारणे नोंदवून प्रत्यक्ष आदेश काढल्याविना मुदत वाढूच शकत नव्हती.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा येथे आहे. खात्यापुढे तीन वाटा होत्या. अर्ज फेटाळला तर महसूल बुडणार आणि मंत्रालयापासून पंचायतीपर्यंत ओरड होणार. अर्ज मंजूर केला तर कारणे लिहावी लागणार, आणि कारणे लिहिताना लीजच्या हद्दीबाहेर किती खोदले आहे, वनक्षेत्राची परवानगी आहे का, अभयारण्य किती अंतरावर आहे, पर्यावरण मंजुरीत ठरवून दिलेल्या प्रमाणाहून अधिक माल काढला आहे का, हे सर्व तपासावे लागणार. तिसरी वाट म्हणजे फाईल आहे तेथे राहू देणे. या वाटेने कोणालाच काही लिहावे लागत नव्हते आणि खाण मात्र चालत होती. निर्णय टाळणे हाच येथे सर्वांत मोठा निर्णय ठरला, आणि त्यावर कोणाची सही नव्हती.

या ठिकाणी अकार्यक्षमता कोठे संपते आणि भ्रष्टाचार कोठे सुरू होतो हे बाहेरून ओळखणे अशक्य होते. नियम न वाचलेला अधिकारी आणि नियम वाचून गप्प बसलेला अधिकारी, दोघांच्या टेबलावरून वाहतुकीचा तोच परवाना बाहेर पडत होता. ‘अधिकारी प्रामाणिक आहे की लाचखाऊ’ असा प्रश्न लोक विचारत राहिले. पण प्रामाणिक अधिकाऱ्याच्या खात्यातही हीच फाईल पाच वर्षे पडून राहिली असती, कारण तिला हलवण्याची सक्ती कोणावरच नव्हती.

ट्रकमालक

खाणव्याप्त भागातील ट्रकमालक म्हणजे मोठा वाहतूकदार, अशी पणजीत बसून होणारी समजूत चुकीची आहे. बहुतेकांजवळ एखादा किंवा दोन टिपर. काहींच्या शेतात आधीच खाणीचा गाळ शिरलेला होता, काहींच्या गावातील विहिरी खाणीच्या खोल खड्ड्यांमुळे आटू लागल्या होत्या, काहींचे वडील खाणीवर कामगार होते. चीनमधील पोलादाची मागणी २००३-०४ नंतर वाढत गेली. ज्या हलक्या प्रतीच्या मालाला पूर्वी कोणी विचारत नव्हते, त्यालाही गिऱ्हाईक मिळू लागले. खाणीपासून जेटीपर्यंत माल नेण्यासाठी गाड्या कमी पडू लागल्या. बँका, सहकारी पतसंस्था आणि खाजगी वित्तकंपन्या कर्जे देऊ लागल्या. उसगाव, कुडचडे, सावर्डे, डिचोली येथे गॅरेज, टायरची दुकाने, वेल्डिंगची कामे आणि चहाची हॉटेले याच ओघात उभी राहिली.

कर्ज काढताना ट्रकमालकाने काय तपासले? दर टनाचा भाव, दिवसाला किती ट्रिपा मिळतील आणि पावसाळ्याचे महिने वगळून हप्ते कसे फेडता येतील. लीजची मुदत त्याने तपासली नाही. ती तपासण्याची त्याच्याकडून अपेक्षा तरी कोणी धरावी? वाहनकर्ज देताना बँक वाहन, उत्पन्न आणि जामीनदार पाहते. वाहनात भरला जाणारा माल कोणत्या लीजमधून येतो आणि ते लीज कधी संपते हे पाहण्याची तिची पद्धत नाही. व्यवसायाने जोखीम मोजणाऱ्या संस्थेने जो प्रश्न विचारला नाही, तो पिसुर्ले किंवा रिवणच्या माणसाने का विचारला नाही, असे म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. फरक एवढाच की बँकेजवळ गहाण ठेवलेली गाडी होती, आणि ज्याची गाडी गहाण होती त्याच्याजवळ खाण खात्याच्या शिक्क्याखेरीज काही नव्हते.

त्याचा युक्तिवाद साधा होता आणि तो आजही गावागावांत ऐकू येतो. सरकार रॉयल्टी घेते, म्हणजे खाण कायदेशीर आहे. ऑगस्ट २००९ पासून रॉयल्टी ठरावीक दराऐवजी मालाच्या किमतीच्या दहा टक्के झाली आणि राज्याच्या तिजोरीत पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक पैसा येऊ लागला, तेव्हा हा युक्तिवाद अधिकच पक्का झाला. व्यवहारात माणूस पावतीवर विश्वास ठेवतो, आणि सरकारी पावती ही सर्वांत खात्रीची मानली जाते. कायद्यात मात्र पैसे स्वीकारल्याने हक्क निर्माण होत नाही. सामान्य माणसाची समजूत आणि कायदा यांतली ही दरी सरकारला ठाऊक होती; ती बुजवण्यात सरकारचा काहीच लाभ नव्हता.

ट्रकमालक अगदीच निरागस होते असे मात्र म्हणता येणार नाही. क्षमतेपेक्षा अधिक भरलेल्या गाड्या, जास्त ट्रिपांसाठी गावातून होणारी बेफाम वाहतूक, धुळीबद्दल तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याशी भांडण, हे सर्व त्यांनी केले. विश्वासाला मासिक उत्पन्नाची जोड असली की शंका घेणे महाग पडते, हे त्यांच्याही बाबतीत खरे होते.

ज्यांनी विश्वास ठेवला नाही

याच गावांत दुसरे लोकही होते. शिरगाव हे श्रीदेवी लईराईचे गाव; तेथे खाणींनी गावाला वेढले आणि भूजल खाली गेले. मुळगाव, पिसुर्ले, कावरे, कोळंब, रिवण येथील शेतकऱ्यांनी शेतात उतरणाऱ्या गाळाविरुद्ध आणि आटणाऱ्या झऱ्यांविरुद्ध आवाज उठवला. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखालील जनसुनावण्यांत त्यांनी आक्षेप नोंदवले, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली कागद मागवले आणि उच्च न्यायालयाच्या पणजीतील खंडपीठात याचिका नेल्या. त्यांना ‘विकासविरोधी’ म्हटले गेले. कधी एकाच घरात एका भावाचा टिपर आणि दुसऱ्याचे गाळाने भरलेले शेत अशी स्थिती होती.

हे लोक अधिक शिकलेले किंवा अधिक सावध होते म्हणून त्यांनी परवान्यावर विश्वास ठेवला नाही, असे मला वाटत नाही. मंजुरीच्या कागदात ‘पाण्यावर परिणाम होणार नाही’ असे लिहिलेले असताना त्यांच्या विहिरीत पाणी नव्हते. कागद खोटा आहे हे त्यांना विहिरीवर कळले, आणि मग लीजच्या तारखेपर्यंत ते पुढे जाऊन पोहोचले. ट्रकमालकाच्या अनुभवात कागद खोटा ठरवणारे असे काही आलेच नाही; उलट दर महिन्याला तो खरा ठरत होता.

कंपन्यांनी शेतांच्या नुकसानीबद्दल वर्षाकाठी भरपाई देण्याची जी प्रथा पाडली, तिचाही येथे उल्लेख केला पाहिजे. भरपाईची रक्कम घेणारा शेतकरी पुढे तक्रारदार राहत नसे. देवळाच्या जीर्णोद्धाराला, क्रीडा मंडळाला, जत्रेच्या खर्चाला मिळणाऱ्या देणग्यांचे कामही तेच होते. नियमन करणाऱ्या खात्याची जागा अशा रीतीने हळूहळू कंपनीच्या जनसंपर्काने घेतली.

पहिला धक्का आणि नवा भरवसा

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोग नेमला. राज्यात तत्कालीन विरोधी पक्षनेते मनोहर पर्रीकर यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने २०११ मध्ये बेकायदा खाणकामाचा विषय लावून धरला. मार्च २०१२ मध्ये पर्रीकर मुख्यमंत्री झाले. शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. त्यात राज्याचे नुकसान सुमारे ३४,९३५ कोटी रुपये असल्याचा अंदाज होता. हा आकडा वादग्रस्त राहिला आणि तो कसा काढला यावर खुद्द राज्य सरकारनेही आक्षेप घेतले. पण कायद्याने अपेक्षित असलेली खाणींची तपासणी झालीच नाही, आणि त्यामुळे खाणचालकांना कशाचीच भीती उरली नाही, हा आयोगाचा निष्कर्ष आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचा होता. १० सप्टेंबरला राज्याने खाणकाम स्थगित केले, १४ सप्टेंबरला पर्यावरण मंत्रालयाने मंजुऱ्या थांबवून ठेवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन आणि वाहतूक दोन्हींना स्थगिती दिली.

ट्रकमालकांनी या स्थगितीचा अर्थ ‘तात्पुरती’ असा लावला, आणि तो लावण्याला कारण होते. ज्या नेत्याने विरोधात असताना घोटाळा उघड करण्याची भाषा केली होती, तोच आता सत्तेत होता आणि कायदेशीर खाणी लवकर सुरू होतील असे सरकार सांगत होते. लोकांचा खात्यावरचा विश्वास उडाला होता, पण तो नियमाकडे न जाता माणसाकडे गेला. हप्ते थकले. कर्जदारांसाठी सरकारने सवलतीच्या योजना आणल्या. गाडी विकून मोकळे व्हावे की थांबावे, या प्रश्नावर बहुतेकांनी थांबणे पसंत केले. विकायचे म्हटले तरी उभ्या असलेल्या हजारो टिपरांना गिऱ्हाईक कोठून मिळणार?

एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली, लीजच्या हद्दीबाहेर खाणमाती टाकण्यास मनाई केली, अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांच्या एक किलोमीटर परिसरात खाणकाम बंद केले आणि विक्रीच्या दहा टक्के रकमेचा कायम निधी उभारण्याचा आदेश दिला. लिजे संपली असल्यामुळे पुढे जायचे तर नव्याने लिजे द्यावी लागणार होती. ती कशी द्यावीत हे ठरवण्याची संधी राज्याला मिळाली होती.

अठ्ठ्याऐंशी नूतनीकरणे

दरम्यान राज्याने कायद्यात दुरुस्ती करून लीजधारकांकडून नूतनीकरणापोटी मुद्रांक शुल्क वसूल केले होते. शुल्क भरलेल्या कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०१४ मध्ये त्या न्यायालयाने नूतनीकरण करण्याचे निर्देश दिले. पैसे घेतले म्हणजे हक्क द्यायचा, हा गावातल्या ट्रकमालकाचा युक्तिवाद आता सरकारी फाईलमध्ये शिरला. नोव्हेंबर २०१४ च्या सुरुवातीपासून १२ जानेवारी २०१५ पर्यंत राज्याने ८८ लिजांचे नूतनीकरण केले. १२ जानेवारी २०१५ या तारखेचे महत्त्व असे की त्याच दिवशी केंद्र सरकारने अध्यादेश काढून नूतनीकरणाची पद्धत बंद केली आणि लिजे लिलावानेच द्यावीत असे ठरवले. असा बदल येऊ घातला आहे हे सर्वांना ठाऊक होते.

जे खाते सात वर्षांत एका अर्जावर कारणे लिहू शकले नव्हते, त्याने सुमारे दहा आठवड्यांत अठ्ठ्याऐंशी अर्ज निकालात काढले. हा वेग पाहून काही शंका घेणारे होते. खाणव्याप्त भागात मात्र समाधान पसरले, कारण आता ‘मानलेली’ मुदतवाढ नव्हती, प्रत्यक्ष सहीशिक्क्याचे आदेश होते. २०१५ मध्ये पर्यावरण मंजुऱ्यांवरील स्थगिती उठली आणि त्याच वर्षी खाणी क्रमाने सुरू होऊ लागल्या. अडीच-तीन वर्षे उभ्या असलेल्या गाड्यांवर दुरुस्तीसाठी पुन्हा खर्च झाला. काहींनी पुन्हा कर्ज काढले.

गोवा फाउंडेशन पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने ही ८८ नूतनीकरणे रद्द केली. २०१४ च्या निकालानंतर राज्याने नवी लिजे द्यायला हवी होती, नूतनीकरण करण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय ते अवाजवी घाईने, महसुलापेक्षा लीजधारकांचे हित पाहून केले, असे न्यायालयाला आढळले. मुद्रांक शुल्क घेतल्यामुळे राज्य बांधील झाले, हे म्हणणेही टिकले नाही. कंपन्यांना १५ मार्चपर्यंत कामाची मुभा मिळाली आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा थांबल्या.

२००७ नंतर अर्ज पडून राहिले तेव्हा आणि २०१४-१५ मध्ये नूतनीकरणे झाली तेव्हा पणजीत वेगवेगळ्या पक्षांची सत्ता होती. दिल्लीतही. याचा उल्लेख यासाठी की खाणव्याप्त भागातील चर्चा आजही बहुधा ‘कोणाच्या काळात’ या प्रश्नाभोवती फिरते, आणि त्या प्रश्नाच्या उत्तराने या प्रकरणातले काहीही उलगडत नाही.

नंतर

मार्च २०१८ मध्ये खाणींवर पोट असलेल्यांनी, म्हणजे खाण अवलंबितांनी, पणजीत रस्ते रोखले. त्यांचा राग याचिकाकर्त्यांवर होता, न्यायालयावर होता आणि सरकारवर थोडा कमी होता, कारण तोडगा सरकारकडूनच यायचा होता. पुढची तीन वर्षे १९८७ च्या कायद्यात दुरुस्ती करा, या मागणीमागे गेली. सवलतींचे लिजांत रूपांतर १९६१ पासून न धरता १९८७ पासून धरले, तर नव्या कायद्यातील पन्नास वर्षांच्या मुदतीच्या हिशेबाने लिजे २०३७ पर्यंत चालतील, असा त्यामागचा तर्क होता. यात लाभ जुन्या लीजधारकांचा होता. ट्रकमालकांना फार तर त्याच खाणीची वाहतूक मिळाली असती. तरीही मोर्चात, शिष्टमंडळात आणि दिल्लीच्या फेऱ्यांत पुढे तेच राहिले. दुरुस्ती झाली नाही. २०१८ च्या निकालाच्या पुनर्विचारासाठी राज्य सरकारने उशिराने केलेली याचिका २०२१ मध्ये फेटाळली गेली. मुदतीत न्यायालयात जाण्याचे साधे कामही ज्या सरकारवर भिस्त ठेवली त्याने केले नाही, याबद्दल खाणव्याप्त भागात जेवढा गदारोळ व्हायला हवा होता तेवढा झाल्याचे दिसले नाही.

लिजांचे लिलाव अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. लिलावाला काढलेल्या पहिल्या खाणक्षेत्रांत, म्हणजे ब्लॉकांत, डिचोलीचा ब्लॉक होता. नव्या पद्धतीत लीजची मुदत पन्नास वर्षांची असते आणि बोली सार्वजनिक असते, त्यामुळे २००७ सारखी तारीख आता कोणाला लपवता येणार नाही. मात्र पर्यावरण मंजुरीच्या अटी, वाहतुकीचे मार्ग आणि दिवसाला किती गाड्या सोडायच्या हे ठरवणारी कार्यालये तीच आहेत. ट्रकमालकाचा व्यवहारही अजून बहुधा ट्रिपेच्या हिशेबाने, कंत्राटदाराच्या तोंडी शब्दावर चालतो, आणि त्यांच्या बैठकांत दर टनाला किती मिळणार हाच पहिला विषय असतो. मंजुरीपत्रात दिवसाला किती वाहतुकीची मुभा आहे, ती आपल्या गावाच्या रस्त्यासाठी आहे का, आणि गाडीचे कर्ज फिटेपर्यंत ती टिकेल का, हे प्रश्न पंचायतीत विचारणाऱ्याला अजूनही शिरगाव-मुळगावच्या बाजूचा माणूस समजले जाते.